ब्रॉयलरच्या खाद्यात मका-सोयाला पर्याय: खानदेशात काय चालतं, किती चालतं आणि कशाला हात लावू नये

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न थोडक्यात असा: शेड २,००० पक्ष्यांचं, पिल्लं स्वतःची, खाद्य घरच्या हॅमर मिलवर दळून तयार करतात. मका आणि सोया डीओसीचे (तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीचे) भाव परवडत नाहीत. आजूबाजूला बाजरी, ज्वारी, सरकी ढेप, डाळ मिलची चुनी (डाळीची साल-भुकटी), केळी मिळतात, व्यापारी तांदळाचं डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा) देऊ करतो, कुणी अझोला (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) कर म्हणतं. यातलं काय आणि किती घालावं?

आधी एक अट. तुमचा फार्म करारावर असेल, म्हणजे पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं आणि तुम्हाला किलोमागे संगोपन शुल्क, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही. कंपनीच्या खाद्यात बाहेरचं एक पोतंही मिसळू नका. हिशोब एफसीआरवर (एक किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागलं त्यावर) होतो, तो बिघडला की तुमचंच शुल्क कापलं जातं, शिवाय करारभंग होतो तो वेगळा.

आता उत्तर. बाजरी आणि तांदळाची कणी निर्धास्त वापरा. ज्वारी माल बघून. तांदळाचं डीडीजीएस मोजून, फक्त फिनिशरमध्ये (विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात). बाजारातली सरकी ढेप नको. चुनी, केळी, अझोला यांच्यावर वेळ घालवू नका. पण हे कशावरून ठरतं ते कळलं नाही, तर उद्या व्यापारी नव्या नावाचा माल आणेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहाल. म्हणून जरा सविस्तर.

किलोचा भाव म्हणजे खाद्याचा भाव नव्हे

ब्रॉयलरला खाद्यातून मुख्यतः दोन गोष्टी विकत घ्यायच्या असतात: ऊर्जा आणि पचणारी अमिनो आम्लं. अमिनो आम्लांत सगळ्यात आधी लायसिन आणि मेथिओनिन. पोत्यावर लिहिलेली प्रथिनांची टक्केवारी ही नुसती नायट्रोजनची मोजणी असते. त्यातलं किती पचेल आणि त्यात लायसिन किती, हे ती सांगत नाही.

मक्यात किलोमागे साधारण ३,३५० किलोकॅलरी ऊर्जा आणि २ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त पचणारं लायसिन असतं. ४५ टक्क्यांच्या सोया डीओसीत साधारण २,२५० किलोकॅलरी आणि २५ ग्रॅम पचणारं लायसिन. समजा मका २२ रुपये आणि सोया ४२ रुपये किलो आहे. हे भाव हिशोब कळावा म्हणून घेतलेत, तुम्ही आजचे घाला. या दोन भावांवरून मांडणी केली की १,००० किलोकॅलरीची किंमत ५ रुपये ८५ पैसे आणि पचणाऱ्या लायसिनच्या १ ग्रॅमची किंमत १ रुपया १५ पैसे पडते. आता कुठलाही माल या काट्यावर तोला.

तांदळाचं डीडीजीएस घ्या. प्रथिनं ४२ ते ४५ टक्के, म्हणजे कागदावर सोयाच्या बरोबरीचं. व्यापारी विकतोही त्याच तोऱ्यात. पण त्यात पचणारं लायसिन किलोमागे जेमतेम ८ ग्रॅम आणि ऊर्जा २,७०० च्या आसपास. २.७ गुणिले ५.८५ म्हणजे पावणेसोळा रुपये, अधिक ८ गुणिले १.१५ म्हणजे सव्वानऊ रुपये. झाले २५. बाहेरून लायसिनची पावडर घालून काही तूट भरून काढता येते, म्हणून हा हिशोब जरा कडक आहे. खरी किंमत २५ ते ३० च्या दरम्यान धरा. कुणी ३५ ला देऊन 'सोयापेक्षा ७ रुपये स्वस्त' म्हणत असेल, तर तो तुम्हाला महागच देतोय.

याच काट्यावर बाजरी २१ रुपयांची ठरते, चांगली ज्वारी साडेवीस-एकवीसची, आणि कणी जवळजवळ मक्याइतकी. म्हणजे मका २२ असताना बाजरी २० ला मिळाली तर घ्यायची, २२ ला मिळाली तर राहू द्यायची.

कोणत्या वयात बदल करायचा

दोन किलोच्या पक्ष्याने विक्रीपर्यंत ३.२ ते ३.४ किलो खाद्य खाल्लेलं असतं. पहिल्या १० दिवसांचं प्री-स्टार्टर त्यात पाव किलोच्या थोडं वर, स्टार्टर २१ दिवसांपर्यंत, आणि बाकीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग फिनिशर. बचत जिथे आहे तिथेच धोकाही कमी आहे, कारण मोठ्या पक्ष्याचं आतडं आणि पेटारी (दाणे दळणारं जठर) तयार झालेली असते. म्हणून प्री-स्टार्टर मका-सोयाचंच ठेवा, जमलं तर क्रंबल (बारीक दाणेदार तयार खाद्य) विकत घ्या. २,००० पिल्लांना ते सगळं मिळून पाच-सहा क्विंटलच लागतं. त्यात दोन रुपये वाचवून पहिल्या आठवड्याचं वजन घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. पर्याय स्टार्टरमध्ये थोडे आणि फिनिशरमध्ये पूर्ण, हा क्रम सोडू नका.

भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या प्रमाणकात प्री-स्टार्टरला २३ टक्के प्रथिनं आणि ३,००० किलोकॅलरी, स्टार्टरला २२ आणि ३,१००, फिनिशरला २० आणि ३,२०० असे आकडे आहेत. तिन्हीत तंतू (न पचणारा चोथा) ५ टक्क्यांच्या आत. तंतूचा हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. निम्मे 'पर्याय' तिथेच बाद होतात.

बाजरी, ज्वारी, कणी

बाजरी हा आपल्याकडचा सगळ्यात सरळ पर्याय. प्रथिनं ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मक्यापेक्षा दोन टक्के जास्त, आणि लायसिनही थोडं जास्त. ऊर्जा मात्र ३,००० ते ३,१००. शंभर किलो खाद्यात २० किलो मका काढून २० किलो बाजरी घातली, तर जवळजवळ १ किलो सोया वाचतो, पण ऊर्जेची तूट भरायला पाऊण किलोच्या आसपास तेल वाढवावं लागतं. तेल न वाढवता नुसती अदलाबदल करणारे 'बाजरीने पक्षी वाढत नाही' म्हणतात.

दुसरी अडचण जाळीची. मक्यासाठी मिलवर ४ किंवा ५ मिलिमीटरची जाळी असते, तीतून बाजरीचा दाणा अख्खाच्या अख्खा निघून जातो. तीन आठवड्यांवरचा पक्षी खाद्यात १० टक्क्यांपर्यंत अख्खी बाजरी पेटारीत दळून घेतो, काही बिघडत नाही. त्यापेक्षा जास्त घालायची तर २ मिलिमीटरच्या जाळीवर वेगळी दळा. मका आणि बाजरी एकत्र टाकून बारीक जाळीवर दळू नका, मक्याचं पीठ होतं. मग पक्षी ते खात नाहीत, चोचीला चिकटतं, पाण्याच्या ड्रिंकरमध्ये चिखल होतो. फिनिशरमध्ये २० ते ३० टक्के, स्टार्टरमध्ये १० टक्के पुरे. घेताना काळपट, लांबट अर्गटचे (विषारी बुरशीचे) दाणे आहेत का ते हातावर पसरून बघा. दिसले तर पोतं परत.

ज्वारीचं गणित वेगळं आहे. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, माणसं खातात, ती कोंबडीला परवडत नाही. पोल्ट्रीकडे येते ती बहुधा खरिपाची, कणसात पावसात भिजलेली, काळी पडलेली ज्वारी. भाव बघून मोह होतो, पण काळा दाणा म्हणजे बुरशी, आणि बुरशीबरोबर विष. पांढऱ्या ज्वारीत टॅनिनचा (पचन अडवणाऱ्या तुरट द्रव्याचा) त्रास सहसा नसतो, तो लालसर-तपकिरी वाणांत असतो. शंका असेल तर १५-२० दाणे ब्लीचच्या द्रावणात थोडा कॉस्टिक सोडा घालून २० मिनिटं बुडवा. हातात रबरी मोजे घाला. टॅनिनचे दाणे काळे पडतात, बिनटॅनिनचे फिके राहतात. स्वच्छ पांढरी ज्वारी फिनिशरमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते. काळी अजिबात नाही, टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पावडर) घालूनही नाही.

कणी नवापूर-नंदुरबारकडे भाताच्या मिलवर मिळते. तंतू नगण्य, पचायला हलकी, विषबाधेची भीती कमी. स्टार्टरमध्येसुद्धा १५-२० टक्के बिनधास्त घाला. तिथूनच राइस पॉलिशही (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) मिळतं. त्यात १२ ते १५ टक्के तेल असतं, ऊर्जाही चांगली, पण ते तेलच गळ्याशी येतं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पॉलिश खवट होतं. खवट पॉलिशने अ आणि ई जीवनसत्त्वं नासतात, पक्षी खाणं टाकतात. घ्यायचंच तर ताजं, आठवड्याला लागेल तेवढं, ५ टक्क्यांपर्यंत. चिमूटभर पाण्यात टाका, तूस वर तरंगला तर भेसळ. दोन थेंब आम्ल टाकल्यावर फेस आला तर चुनखडी.

बाजरी, ज्वारी, कणी या तिन्हींत मक्याचा पिवळा रंग नाही. पाय आणि कातडी फिकी दिसते आणि जिवंत पक्षी घेणारा गिऱ्हाईक त्याला आजारी समजतो. मांसाच्या दर्जाचा याच्याशी काही संबंध नाही, पण भाव तोडायला त्याला निमित्त मिळतं. फिनिशरमध्ये मका ४० टक्क्यांच्या खाली नेऊ नका, किंवा २ टक्के मका ग्लुटेन घाला. ग्लुटेन घेताना मात्र नाव नीट विचारा. दोंडाईच्यासारख्या ठिकाणी मक्याचा स्टार्च निघतो, तिथून दोन वेगळे जोडमाल बाहेर पडतात: एक पिवळाधमक, ६० टक्के प्रथिनांचा, आणि दुसरा भुश्यासारखा, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचा. दोन्हीला बाजारात 'ग्लुटेन'च म्हणतात. पहिल्यात मेथिओनिन भरपूर, लायसिन कमी. दुसरा गुरांचा.

सरकी ढेप

जळगाव-धुळ्यात जिनिंग आणि ऑइल मिल पावलोपावली आहेत, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बाजारात मिळणारी ढेप टरफलासकट पिळलेली असते, तिच्यात कापसाचे धागेही राहतात. प्रथिनं २२-२४ टक्के आणि तंतूही जवळजवळ तितकेच. म्हशीला ती उत्तम. कोंबडीला तंतू पचत नाही, त्यामुळे ही ढेप १० टक्के घातली तर तिच्या एकटीमुळेच खाद्यात दोन टक्क्यांवर तंतू वाढतो. गॉसिपॉलची (सरकीतल्या नैसर्गिक विषाची) चर्चा पुढची, ही ढेप आधीच बाद आहे.

ब्रॉयलरला चालू शकते ती टरफल काढलेली, ३८-४० टक्के प्रथिनांची पेंड. तिच्यातलं मोकळं गॉसिपॉल प्रक्रियेवर ठरतं. एक्स्पेलरवर (दाबून तेल काढणाऱ्या यंत्रावर) उष्णतेने ते बरंचसं बांधलं जातं आणि साधारण ०.०२ ते ०.०५ टक्के उरतं. थेट सॉल्व्हंटने (रासायनिक द्रावकाने) तेल काढलेल्या मालात ते ०.१ टक्क्याच्या वर, काही वेळा ०.५ पर्यंत असतं. तयार खाद्यात मोकळं गॉसिपॉल १०० पीपीएमच्या (टनाला १०० ग्रॅमच्या) आत ठेवायचं. ०.०५ टक्क्यांची पेंड ५ टक्के घातली तर खाद्यात येतात २५ पीपीएम, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. सावधगिरी म्हणून फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, घालतात: गॉसिपॉलच्या वजनाइतकं लोह. हिराकशीत लोह फक्त २० टक्के असल्याने १ ग्रॅम गॉसिपॉलला ५ ग्रॅम हिराकस लागते. वरच्या उदाहरणात टनाला १२५ ग्रॅम.

पण लोह घातल्याने विष बांधलं जातं, पेंड सुधारत नाही. उष्णतेने गॉसिपॉल बांधलं गेलं ते लायसिनलाच चिकटून, म्हणजे जी पेंड विषाच्या दृष्टीने सुरक्षित तीच लायसिनच्या दृष्टीने पोकळ. त्यामुळे ५ टक्क्यांपुढे जाऊ नका, आणि जेवढी घालाल त्याचं लायसिन वेगळं भरा. अंड्यांच्या कोंबड्यांना तर नकोच, बलक हिरवट पडतो. सरकीतही अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) होतं, हेही बरेच जण विसरतात.

तांदळाचं डीडीजीएस आणि बाकीच्या पेंडी

डीडीजीएस हा धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा. स्टार्च निघून गेल्यामुळे प्रथिनं दाटतात, पण धान्यात असलेलं बुरशीचं विषही तसंच दाटतं, साधारण तिप्पट. मळीच्या वासाचा, गडद तपकिरी, करपट माल घेऊ नका. वाळवताना करपला की लायसिन जळतं आणि मग आपण धरलेले ८ ग्रॅमही उरत नाहीत. सोनेरी-फिकट तपकिरी, भुरभुरीत, आंबूस पण खवट नसलेला माल बरा. फिनिशरमध्ये ५ टक्क्यांपासून सुरुवात, फार तर ८. सोयाचे ५ किलो काढून डीडीजीएस घातलं, तर शंभर किलोत ८५ ग्रॅम पचणारं लायसिन कमी पडतं. बाजारातल्या लायसिन पावडरीत ७८ टक्के लायसिन असतं, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम पावडर वाढवायची. ही पावडर न घालता डीडीजीएस वापरलं की चौथ्या-पाचव्या आठवड्यात पक्षी खातो बऱ्यापैकी, पण छाती भरत नाही.

घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चं दळून घालणारेही आहेत. हे सगळ्यात महागात पडतं. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इन्हिबिटर प्रथिनांचं पचनच अडवतो, स्वादुपिंड सुजतं, लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुसा) ओलं होतं. भाजून घातलं तर तेच सोयाबीन उत्तम: ३६-३८ टक्के प्रथिनं आणि १८ ते २० टक्के तेल. दाणा आतून ११० ते १२० अंशांपर्यंत तापला पाहिजे, रंग फिका सोनेरी, साल सुटणारी. तपकिरी झाला तर जास्त भाजला, लायसिन गेलं. फोडून चावून बघा, कच्च्या शेंगेचा उग्रपणा राहिला असेल तर पुन्हा भाजा. फिनिशरमध्ये ८-१० टक्के घाला आणि तेवढं बाहेरचं तेल कमी करा.

शेंगदाणा पेंडीत प्रथिनं ४० च्या वर, पण लायसिन सोयाच्या निम्म्याच्या आसपास, आणि अफ्लाटॉक्सिनचं हे माहेरघर. प्रयोगशाळेचा अहवाल हातात असेल तर ५ टक्के, नसेल तर शून्य. तिळाची पेंड मेथिओनिनला चांगली, पण तिच्यातलं फायटेट कॅल्शियम आणि जस्त अडवतं, पाय अधू होतात. फायटेज एन्झाइम घालून ३-५ टक्के. गवार कोरमा (गवारीच्या बियांतून डिंक काढल्यावर उरलेला माल) ५० टक्क्यांच्या वर प्रथिनं दाखवतो, पण उरलेल्या डिंकामुळे विष्ठा चिकट होते. भाजलेला माल आणि मॅनानेज एन्झाइम असेल तरच ३-४ टक्के.

सुकी मासळी घ्यायची तर वाळू आणि मीठ तपासा. तिच्यात मीठ जास्त असतं, ते धरून खाद्यातलं मीठ कमी केलं नाही तर पाणी पिऊन पिऊन लिटरचा चिखल होतो. विक्रीच्या आधीचे आठ दिवस ती बंद ठेवा, नाहीतर मांसाला वास येतो.

तूर, उडीद, हरभऱ्याची चुनी जळगावच्या डाळ मिलवर भरपूर मिळते. प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास, तंतूही जवळपास तेवढाच. शेळीला घाला. केळीबद्दल: शंभर किलो हिरवी केळी चकत्या करून वाळवली की २० ते २२ किलो माल हाती येतो, त्यात प्रथिनं ३-४ टक्के. मजुरी, उन्हाची जागा, माश्या, हे सगळं धरून मका स्वस्त पडतो. अझोल्यात ९३-९४ टक्के पाणी असतं. एक किलो ओल्या अझोल्यातून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तुमचे २,००० पक्षी महिन्याचे झाल्यावर रोज ३०० किलो खाद्य खाणार. गणित तुम्हीच करा. परसातल्या गावरान कोंबड्यांना अझोला छान आहे.

एरंडी, करंज आणि सातपुड्यात मिळणारी मोहाची ढेप: कुठल्याही प्रमाणात नाही.

ओला मका

पर्यायांच्या नादात मूळ मालाकडे दुर्लक्ष होतं. दिवाळीनंतर बाजार समितीत येणाऱ्या खरीप मक्यात १८-२० टक्के ओलावा असतो. स्वस्त म्हणून भरून ठेवला की पंधरा दिवसांत आतून गरम होतो. आणि १८ टक्के ओलाव्याचा मका म्हणजे कोरड्या मालात ५-६ टक्के तूट, भावातली सगळी बचत पाण्यात. १२ टक्क्यांपर्यंत वाळवूनच साठवा, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. ओलावा मापक यंत्र एकदा घेऊन टाका.

खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी (टनाला २० मिलिग्रॅम) आहे. डोळ्यांना इतकं दिसत नाही. मेलेला पक्षी फाडल्यावर यकृत मोठं, पिवळट, ठिसूळ दिसलं, पिसं विस्कटलेली असली, आणि लस देऊनही गंबोरो (पिल्लांचा विषाणूजन्य रोग) आला, तर आधी मका तपासायला पाठवा. बाइंडर अफ्लाटॉक्सिनवर बऱ्यापैकी चालतो, पण टी-२ या दुसऱ्या बुरशीच्या विषावर साध्या मातीचा बाइंडर फारसं काम करत नाही. तोंडात पिवळ्या चट्ट्यांचे फोड दिसले तर टी-२ चा संशय घ्या आणि ते खाद्य त्याच दिवशी थांबवा.

माल कुठलाही असो, दुसऱ्या पोल्ट्रीवरून आलेल्या जुन्या बारदानात भरलेला घेऊ नका. नवापुरात २००६ ला आणि पुन्हा २०२१ ला बर्ड फ्लू आला, तेव्हा काय झालं ते आपण बघितलंय. रोग गाडीच्या चाकांवरून येतो तसा बारदानातूनही येतो.

शंभर किलो फिनिशरचं एक मिश्रण

मका ४२ किलो, बाजरी २०, सोया डीओसी २५.५, तांदळाचं डीडीजीएस ५, तेल ४, चुनखडी १, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.२, मीठ ३०० ग्रॅम, खाण्याचा सोडा १५० ग्रॅम, लायसिन २५० ग्रॅम, मेथिओनिन २५० ग्रॅम, आणि जीवनसत्त्वं, खनिजं, कोलीन, फायटेज, कॉक्सीचं (आतड्याच्या कॉक्सिडिओसिस रोगाचं) औषध, बाइंडर मिळून ३५० ग्रॅम. यात प्रथिनं साडेएकोणीसच्या आसपास, पचणारं लायसिन १ टक्का आणि ऊर्जा ३,०५० ते ३,१०० येते. प्रमाणकातले ३,२०० गाठायला तेल खूप वाढवावं लागतं, आणि घरच्या मॅशमध्ये (नुसत्या दळलेल्या खाद्यात) ४ टक्क्यांवर तेल नीट मिसळत नाही, गोळे होतात. त्यामुळे मी इथेच थांबतो. कॉक्सीच्या औषधाच्या पाकिटावर विक्रीआधी बंद करायचे दिवस दिलेले असतील तर ते पाळा.

बारीकसारीक पावडरी डिजिटल काट्यावर तोला, मुठीने नाही. त्या आधी ५ किलो दळलेल्या मक्यात हाताने मिसळा, ते मिश्रण २० किलोत, आणि मग मिक्सरमध्ये. सगळा कोरडा माल फिरल्यावर तेल शेवटी, धार न धरता शिंपडून. उभ्या मिक्सरला १०-१५ मिनिटं द्या. मीठ एका जागी राहिलं की एका कोपऱ्यातल्या पक्ष्यांना हगवण आणि बाकी ठणठणीत, असं विचित्र चित्र दिसतं. तेव्हा लोक औषध शोधतात, दोष मिक्सरचा असतो. घरचा मॅश तापवला जात नाही, त्यामुळे एन्झाइम उष्णतेने मरण्याची काळजी नाही. हा घरी खाद्य बनवणाऱ्याचा फायदा आहे, वापरून घ्या.

जुन्या खाद्यावरून नव्यावर चार दिवसांत या: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण.

बचत झाली की नाही हे कसं कळणार

पहिल्या बॅचला सगळं शेड नव्या खाद्यावर टाकू नका. जाळी लावून २००-२०० पक्ष्यांचे दोन कप्पे करा, पिल्लं एकाच लॉटची, एकाला जुनं, एकाला नवं. दर आठवड्याला एकाच वेळी, सकाळी खाद्य टाकण्याआधी, प्रत्येक कप्प्यातले २० पक्षी तोला. उरलेलं खाद्यही तोला, त्याशिवाय एफसीआर खोटा येतो.

मग खाद्याचा भाव गुणिले एफसीआर. जुनं ३६ रुपये, एफसीआर १.६० म्हणजे जिवंत किलोला ५७ रुपये ६० पैसे. नवं साडेचौतीस रुपये, एफसीआर १.६८ म्हणजे ५७ रुपये ९६ पैसे. किलोमागे दीड रुपया वाचवून तोटाच. या भावांना नव्या खाद्याचा एफसीआर १.६७ च्या खाली राहिला तरच बचत. त्याबरोबर लिटर हातात घेऊन दाबा. गोळा होऊन राहत असेल, तळव्यांना काळे चट्टे असतील, तर डीडीजीएस किंवा गवार जास्त झालंय, किंवा मीठ-सोड्याची गल्लत आहे.

आणि हा सगळा खेळ साधारण जुलै ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४३-४५ अंश जातात, पक्षी खाणंच कमी करतो. जे चार घास खाईल त्यात ऊर्जा दाट हवी, आणि पचवताना अंगात उष्णता कमी निर्माण व्हावी. जास्तीची प्रथिनं आणि तंतू दोन्ही ती उष्णता वाढवतात. तेव्हा डीडीजीएस आणि सगळ्या पेंडी काढून टाका, कणी आणि तेल ठेवा, लायसिन-मेथिओनिन पावडरीने भरा, प्रथिनं अर्धा-एक टक्का उतरवा, सोडा २५० ग्रॅमपर्यंत न्या आणि त्या प्रमाणात मीठ उतरवा. खाद्य पहाटे चार ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी अकरा ते पाच फीडर वर उचलून ठेवा, पाणी मात्र थंड आणि भरपूर. तेल घातलेला मॅश उन्हाळ्यात आठवड्यापेक्षा जास्त दिवस साठवू नका.